रोजच परीक्षा, मग अभ्यास कधी?

पत्र

सर, वय 22, वजन 74 किलो. सांगली जिल्ह्यातल्या एका संघाकडून कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी मॅटवर सराव असतो. आठ महिन्यांपूर्वी गावात फंक्शनल फिटनेसचा क्लास सुरू झाला, सकाळी चार दिवस तिथे जातो. रोज फळ्यावर नवा वर्कआउट आणि समोर घड्याळ. पहिले तीन महिने जबरदस्त फरक पडला. दम वाढला, पोट गेलं. त्यानंतर गाडी अडली ती अडलीच. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक, 80 किलोवर जेमतेम तीनदा होतो, पाच महिने तिथेच आहे. क्लीन अँड जर्क, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर आणि मग डोक्यावर, एकदा, 70 किलो. परवा 57.5 किलोने 30 क्लीन अँड जर्क होते, साडेनऊ मिनिटं लागली. शेवटच्या दहात बार कसा वर जात होता ते मलाच ठाऊक. सामन्यात आता धाप लागत नाही, पण कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा धरला की सुटत नाही, आणि उडीतली झेपही कमी झाल्यासारखी वाटते. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. लटकून झोका देत पुल-अप मारले की खांदा कुरकुरतो. झोक्याशिवाय तीनच निघतात. क्लासचे कोच म्हणतात, हीच खेळाडूची खरी तयारी, नुसता बार उचलून माणूस जड होतो. ॲथलेटिक्सचे एक प्रशिक्षक म्हणतात, क्लास सोड, बारच्या रॅकखाली उभा राहा आणि जड वजन उचल. आमचे वस्ताद म्हणतात, दोन्ही सोड, जोर-बैठका मार, लोखंडाने अंग आखडतं. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतील, हातात तीन महिने आहेत. क्लासची फी मात्र वर्षाची भरून बसलोय. कोणाचं ऐकू? वयाने लहान आहे, अरेतुरे केलंत तरी चालेल.

उत्तर

ऐकायचं ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षकांचं, फक्त त्यांचं 'सोड' थोडं सैल करून. क्लासचे चार दिवस एकावर आण. मोकळ्या झालेल्या तीन सकाळी रॅकला दे, आणि हे बारा आठवडे तसंच चालू दे. दुसऱ्या कोणी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर वेगळं असतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाने तुझ्या क्लासला आठवड्यातून तीनदा जावं, खुशाल जावं. त्याचं त्यात भलंच आहे. तू पाच संध्याकाळी मॅटवर असतोस. धाप लागायला लावणारं काम तुझ्याकडे आधीच भरपूर आहे. कमी आहे ते बळ, आणि ते त्या फळ्यावर लिहिलेलं नसतं.

मुळात तुझे दोन्ही प्रशिक्षक 'इंटेन्सिटी' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. क्लासमध्ये इंटेन्सिटी म्हणजे छातीचे ठोके किती वाढले, किती कमी वेळात किती काम उरकलं. बारवाल्यांच्या भाषेत इंटेन्सिटी म्हणजे तुझ्या कमाल वजनाच्या किती टक्के वजन बारवर चढवलंय. 90 टक्के वजनाने दोनदा स्क्वॉट मारून माणूस बाकावर बसतो तेव्हा त्याला घामही आलेला नसतो. क्लासवाल्याला वाटतं, हा नुसता बसून असतो. पण पायांनी त्या चार सेकंदांत जेवढा जोर लावला, तेवढा क्लासच्या अख्ख्या तासात लावावा लागत नाही.

तुझ्या फळ्यावरचं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. तुझा क्लास ज्या पठडीतला, त्या क्रॉसफिटमधला सगळ्यात गाजलेला वर्कआउट 'फ्रॅन': 43 किलोचे थ्रस्टर आणि पुल-अप, आधी 21-21, मग 15-15, मग 9-9, घड्याळ न थांबवता. म्हणजे 45 वेळा बार खांद्यावर घेऊन बसायचं, उठायचं आणि डोक्यावर ढकलायचं. आता तुझा हिशेब. 80 किलो तीनदा होतं. वजन गुणिले (1 अधिक वेळा भागिले 30) या प्रचलित सूत्राने तुझा एका वेळचा कमाल स्क्वॉट अंदाजे 88 किलो येतो. 43 किलो म्हणजे त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तिथे तुला आधी काय थांबवतं? फुप्फुसं आणि पकड. मांड्यांना कमाल जोर लावायची वेळच येत नाही. मज्जासंस्था हिशेबी असते. हलक्या कामाला ती छोटे, चिवट स्नायूतंतू पुढे करते. मोठे, वेगवान तंतू भार जड असेल किंवा हालचाल स्फोटक असेल तरच पूर्ण ताकदीने कामाला लागतात. थकत गेल्यावर त्यांचीही पाळी येते हे खरं, पण तोवर तुझा श्वास संपलेला असतो आणि बार जमिनीवर असतो.

दुसरा मुद्दा विश्रांतीचा. पहिल्या काही सेकंदांच्या स्फोटक कामाचं इंधन म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. ते अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरून येतं, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. क्लासमध्ये तेवढं थांबलास तर कोच ओरडतात. त्यामुळे पहिले दोन-तीन उचल सोडले तर बाकीचं सगळं अर्ध्या टाकीवर होतं. दम वाढवायला ते चालतं. जोर वाढवायला चालत नाही.

आता ते 57.5 किलोचे 30 क्लीन अँड जर्क. 70 च्या हिशेबाने हे 82 टक्के झालं. प्रिलेपिन नावाच्या सोव्हिएत वेटलिफ्टिंग प्रशिक्षकांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासून एक तक्ता केला, तो आजही वापरात आहे. 80 ते 90 टक्क्यांच्या पट्ट्यात एका सेटमध्ये 2 ते 4 वेळा, आणि पूर्ण सत्रात मिळून 10 ते 20 वेळा, उत्तम म्हणजे 15. हे आकडे ज्यांचं आयुष्यच वेटलिफ्टिंगमध्ये गेलं त्यांचे, तेही प्रत्येक सेटनंतर व्यवस्थित विश्रांती घेऊन. तू साडेनऊ मिनिटांत त्याच्या दुप्पट केलंस. पंधराव्या उचलीपर्यंत जे शिकण्यासारखं होतं ते शिकून झालं होतं. पुढच्या पंधरांत तुझ्या अंगाने बार ओढण्याची चुकीची वाट गिरवली. हात लवकर वाकले असणार, बार गुडघ्यांपासून लांब फिरला असणार, आणि खालून धरताना मांड्यांऐवजी पाठ वाकली असणार. पाठीवर आणि कमरेवर भार चुकीच्या जागी पडायला एवढं पुरे.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. 70 चा क्लीन अँड जर्क तुझ्या अंदाजित 88 च्या स्क्वॉटचा 80 टक्के आहे. मुरलेल्या वेटलिफ्टरांचं प्रमाण साधारण एवढंच असतं. तू आहेस त्या पायांतून जेवढं काढता येईल तेवढं काढून झालंय. आता पायच मोठे करावे लागतील.

बर्पी या व्यायामाचा इतिहास इथे आठवावा. 1930 च्या दशकात रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने ती बसवली ती तंदुरुस्ती तपासायला. खाली बसा, पाय मागे, पाय पुढे, उभे राहा. जोर नाही, उडी नाही, आणि थोड्याच वेळा करून नाडी मोजायची. नंतर लष्कराने भरतीच्या जवानांना जोखायला ती घेतली. थर्मामीटरने ताप उतरवण्याचा जो प्रकार होईल, तसा पुढे त्या चाचणीचा व्यायाम झाला. तुझा क्लास बराचसा असाच चालतो. घड्याळ लावून फळ्यावर नावापुढे वेळ लिहायची, म्हणजे रोज परीक्षा. बारच्या पद्धतीचा उगम याच्या उलट आहे. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय सावरायला भार थोडाथोडा वाढवत नेण्याची रीत बसवली, 1945 मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि आज जगभरच्या जिममध्ये तीच चालते. आज एवढं, पुढच्या आठवड्यात अडीच किलो जास्त. कंटाळवाणं आहे, यात वाद नाही.

मग पहिले तीन महिने इतका फरक का पडला? कारण तू लोखंडाला नवा होतास. नवख्याला काहीही चालतं. मज्जासंस्था स्नायू वापरायला शिकते आणि आकडे आपोआप वाढतात. ती शिकवणी संपली की भार पद्धतशीर वाढवल्याशिवाय पुढे सरकत नाही. रोज वेगळा व्यायाम असेल तर वाढवायचं कशावर? आज थ्रस्टर, उद्या रोइंग, परवा दोरी. स्क्वॉट पुन्हा येतो तो बारा दिवसांनी, तोही वेगळ्या वजनाने. शिवाय 1980 मध्ये हिक्सन या संशोधकाने दाखवलेली अडचण आहेच: ताकद आणि भरपूर दमाचं काम एकत्र केलेल्या गटाची ताकद सुरुवातीला नुसती ताकद करणाऱ्यांइतकीच वाढली, पण सात-आठ आठवड्यांनंतर अडली आणि मग घसरू लागली. त्यांचा कार्यक्रम भयंकर जड होता, आठवड्यातून पाच-सहा दिवस दोन्ही. पण तुझ्या चार सकाळी आणि पाच संध्याकाळी मोजल्या तर तूही त्याच रांगेत आहेस.

आता तुझा खेळ. चढाई 30 सेकंदांची, डाव 20-20 मिनिटांचे. पण चढाईचा निकाल त्या तीसातल्या तीन-चार सेकंदांत लागतो. पाय टाकलास, कोपऱ्याने घोटा धरला, साखळी अंगावर आली. आता मध्यरेषेपर्यंत दोन मीटर, आणि तुझ्यावर दोन माणसांचं मिळून दीडशे किलो वजन. या क्षणी कामाला येतं ते एका पायाने जमीन ढकलण्याचं बळ. ते बळ नसेल तर उरलेला सगळा दम घेऊन तू खाली पडतोस, आणि तुझ्या पत्रात नेमकं तेच लिहिलंय.

बारा आठवडे

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी बार. शनिवारी क्लास किंवा खाली दिलेलं काम. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ झोपेसाठी, अगदी खरोखर झोपेसाठी. संध्याकाळचा सराव चालू राहील. बारनंतर मॅटपर्यंत किमान सहा तास जाऊ दे, आणि सोमवारी संध्याकाळी पकडींची कुस्ती कमी करता आली तर कोचला तसं सांग.

सोमवार स्क्वॉटचा. मोकळा 20 किलोचा बार 8 वेळा, 40 किलो 5, 50 किलो 3, 57.5 किलो 2, मग 65 किलोने 5 वेळांचे 3 सेट. दोन सेटमध्ये तीन मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. अंदाजाने थांबलास तर दीड मिनिटात उठशील, क्लासची सवय आहे. दुसऱ्या आठवड्यात 67.5, तिसऱ्यात 70. चौथ्यात मुद्दाम मागे ये, 60 किलोचे दोनच सेट. मग 72.5, 75, 77.5. आठव्यात पुन्हा 65 चे दोन सेट. नवव्यात 80, दहाव्यात 82.5, अकराव्यात 85. बारावा हलका. ज्या 80 ला आज तीनदा जाता येतं त्याच्या पुढे 85 पाचदा झाले तर सूत्राने कमाल 99 च्या आसपास जाते. 80 वर पाचवी वेळ अडली तर घाबरू नको, तीन सेट तीनतीनदा कर आणि वजन वाढवत राहा. सेट संपताना आणखी एक-दोनदा गेलं असतं असं वाटलं पाहिजे. डोळे पांढरे करून काढलेली शेवटची उचल इथे मोजत नाहीत.

जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नसतील तर दोन विकत घे. पाच-पाच किलोच्या उड्या मारत गेलास तर सहाव्या आठवड्यात भिंतीला धडकशील. प्लेटा नाहीच मिळाल्या तर वजन तेच ठेवून 5 चे 6, 6 चे 7 कर आणि मग पाच किलो वाढव.

स्क्वॉटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळा डाव यावर आहे. बार मानेवर नको, खांद्यांची हाडं मागे ओढल्यावर मांसाची जी उशी तयार होते तिच्यावर. टाचा खांद्यांइतक्या लांब, चवडे जरा बाहेर. वर असताना पोटात श्वास भर, पट्टा बांधल्यासारखं पोट चारी बाजूंनी ताठ कर, आणि तो श्वास खाली जाऊन वर येईपर्यंत सोडू नको. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जाऊ देत, आत पडू देऊ नको. चढाईपटूचा गुडघा आत पडायची सवय मॅटवर महागात पडते. मांडी जमिनीला समांतर होऊन किंचित खाली. रॅकच्या सुरक्षा-पिना तुझ्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा दोन बोटं खाली लाव, मग अडलास तर बार त्यांवर ठेवून बाहेर येता येतं. पळायचे मऊ बूट काढ. सपाट तळ नाहीतर अनवाणी. मोबाइल बाजूने कमरेच्या उंचीवर ठेवून शेवटचा सेट टिपून घे. वर येताना कंबर आधी उठली आणि छाती मागे राहिली, तर मांड्या हार मानून पाठीवर काम ढकलतायत. तसं दोन वेळा दिसलं की पुढच्या आठवड्यात वजन वाढवू नको, तेच पुन्हा कर.

स्क्वॉटनंतर रोमानियन डेडलिफ्ट, 60 किलो, 6 वेळांचे 3 सेट: गुडघे किंचित वाकलेले, कंबर मागे, बार मांड्यांना चिकटून, मांडीच्या मागे ताण आला की परत. मग कुशीवरची फळी: वरचा पाय बाकावर, खालचा मोकळा, अंग उचलून 20 सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा. बोनससाठी पाय फाकवणाऱ्याच्या जांघेला हिचा फार उपयोग.

बुधवार वरच्या अंगाचा आणि एका पायाचा. उभं राहून बार डोक्यावर ढकलायचा, 30-35 किलोपासून, 5 वेळांचे 3 सेट. पुल-अप झोक्याशिवाय. तीनच निघतात ना? मग दोन-दोनचे सात-आठ सेट, मधे दीड-दोन मिनिटं. एकूण पंधरा चांगले पुल-अप पंचवीस वाईटांपेक्षा भारी. मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट, हातात 12-12 किलोचे डंबेल, प्रत्येक पायाला 6 वेळांचे 3 सेट. शेवटी गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून पुढे सावकाश झुकायचं, हातांवर पडायचं. 4 वेळांचे दोन सेट, एवढंच. पहिल्या दिवशी दहा केलेस तर चार दिवस मांडीचा मागचा भाग हात लावू देणार नाही.

शुक्रवारी आधी उड्या, अंग ताजं असताना. बॉक्सवर तीन उड्या, चांगली एक मिनिट विश्रांती, असं पाच वेळा. प्रत्येक वेळी पायऱ्या उतरल्यासारखं खाली उतरायचं. क्लासमध्ये वेळ वाचवायला खाली उडी मारून तशीच परत वर घेतात. थकल्यावर तसं करताना टाचेची शीर तुटल्याची उदाहरणं या प्रकारात ठाऊक आहेत. मग डेडलिफ्ट 80 किलो, 4 वेळांचे दोनच सेट, पहिला महिना दर आठवड्याला पाच किलो वाढव, नंतर अडीच. शेवटी 50 किलोने स्क्वॉट 3 वेळांचे 4 सेट, वर येताना जितकं वेगात येता येईल तितकं. तास-सव्वा तासात सगळं आटपतं.

शनिवारचा दमाचा भाग कबड्डीसारखाच हवा. मध्यरेषेपासून बोनस रेषा पावणेपाच मीटरवर. तिथपर्यंत जा, पाय लाव, परत ये. असं 15 सेकंद पूर्ण जोराने, मग 45 सेकंद चालत. आठ फेऱ्या, तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. त्याऐवजी क्लासला गेलास तरी हरकत नाही, पण तीन अटी: धाप लागलेली असताना स्नॅच (बार एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर) किंवा क्लीन नाही, झोक्याचे पुल-अप नाहीत, बॉक्सवरून खाली उडी मारून तशीच परत वर नाही. रोइंग, वजन लादलेली घसरगाडी (स्लेड) ढकलणं, वजनं हातात घेऊन चालणं मनसोक्त कर. कोच नावापुढे वेळ लिहायला आले तर लिहू देत, फक्त तू त्या आकड्यामागे लागू नको.

गुडघा, खांदा आणि लघवीचा रंग

वाटीच्या बरोबर खाली एक बोट ठेवून दुखरी जागा दाखवता येते, अंग गरम झालं की कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना परत येतं, असं असेल तर ते बहुधा तिथल्या कंडरेचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं दुखणं. क्लासमधल्या उड्या आणि मॅटवरच्या उड्या यांची बेरीज त्याने सोसली नाही. उपाय पूर्ण आराम नाही. भिंतीला पाठ लावून खुर्चीच्या स्थितीत 45 सेकंद, मधे दोन मिनिटं, पाच वेळा, रोज. आणि स्क्वॉट तीन सेकंद मोजत खाली. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, अट एवढीच की दुसऱ्या सकाळी ते कालच्यापेक्षा जास्त नसावं. पण पाय टाकताना कधी गुडघा निसटल्यासारखा झाला असेल, 'कट्' आवाज येऊन काही तासांत सुजला असेल, किंवा आत काहीतरी अडकतं असं वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. कबड्डीत अस्थिबंध तुटणं काही दुर्मीळ नाही, आणि तशा गुडघ्यावर बार घेणं मूर्खपणा आहे.

खांद्याचं कारण तूच लिहिलंस. झोक्याशिवाय तीन पुल-अप निघणाऱ्याने झोक्याचे पंचेचाळीस मारले तर खाली येताना धक्का झेलायला खांद्यात स्नायू कुठून आणायचे? सलग आठ-दहा साधे पुल-अप निघेपर्यंत झोका बंद.

आणखी एक, कारण क्लास पूर्णपणे सोडत नाहीयेस. मोठी सुट्टी घेऊन परतल्यावर शंभर-दोनशे पुल-अपवाला वर्कआउट पहिल्याच दिवशी करायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात सुजून सरळ होईनात आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यांचा गाळ मूत्रपिंडात चाललाय. लिंबूपाणी घेत घरी बसू नको, त्याच तासाला इस्पितळ गाठ.

वस्तादांचं काय?

वस्तादांचा मान ठेव, पण अंग आखडतं हे खरं नाही. पूर्ण खाली बसून, पूर्ण ताणून केलेल्या लोखंडाने लवचिकता टिकते. आखडतो तो अर्धा स्क्वॉट आणि फक्त छाती-दंड करणारा. आणि एक गंमत बघ: पाचशे बैठका आणि तुझा क्लास ही एकाच घरची मंडळी आहेत. दोन्हींत भार हलका, आकडा मोठा, परिणाम चिवटपणाचा. जुन्या पैलवानांना बळ निव्वळ बैठकांनी आलं असं कोणी समजू नये. ते आलं आपल्याहून दहा-वीस किलो जड जोडीदाराला रोज उचलून, म्हणजे वाढत्या भारानेच. जोर मात्र ठेव. बारआधी पंधरा-पंधराचे दोन सेट मारलेस तर खांदे आणि पाठीला त्याहून चांगला वॉर्मअप नाही. मुद्गल फिरवायला मिळत असेल तर तुझ्या खांद्याला औषध आहे.

जड होण्याच्या भीतीबद्दल: बारा आठवड्यांत दीड-दोन किलो वाढलास तर पकडीत फायदाच होईल, वरिष्ठ गटाच्या 85 किलोच्या मर्यादेपासून तू अजून लांब आहेस. खाल्ल्याशिवाय मात्र अर्धा किलोही वाढणार नाही. किलोमागे 1.6 ग्रॅम धरलं तर तुला रोज साधारण 120 ग्रॅम प्रथिनं लागतात. चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या 26, दीडशे ग्रॅम शिजलेलं चिकन 40 च्या वर. बाकीचं डाळ, शेंगदाणे आणि भाकऱ्या भरून काढतात.

स्पर्धा सुरू झाल्या की तीनचे दोन दिवस कर, सेट निम्मे कर, पण बारवरचं वजन कमी करू नको. ताकद टिकते ती वजनाने, संख्येने नाही. सामन्याच्या आधीच्या 48 तासांत जड स्क्वॉट नको. दर सोमवारी वॉर्मअपनंतर जागेवरून लांब उडी तीनदा मारून सर्वांत चांगली सेंटीमीटरमध्ये वहीत लिही. ती सलग दोन सोमवार दहाएक सेंटीमीटरने घसरली तर तू थकलायस. त्या आठवड्यात शनिवारचं काम गाळ.

फी वाया जात नाही. अशा बहुतेक क्लासांत दोन तुकड्यांच्या मधे हॉल मोकळा असतो आणि रॅक, बार, प्लेटा तुझ्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या जिमपेक्षा बऱ्या असतात. कोचना सरळ विचार, तीन सकाळी कोपऱ्यातला रॅक वापरू का म्हणून. आणि पहिल्या सोमवारी 65 किलो इतकं हलकं लागेल की शेजारचे हसतील, तुलाही दोन प्लेटा चढवाव्याशा वाटतील. चढवू नको.